रिपोर्ट नॉर्मल, माणूस आडवा

"सगळं नॉर्मल आहे म्हणतात, मावशी. एक रिपोर्ट वाकडा नाही." भाच्यानं प्लास्टिकची फाइल मावशीच्या मांडीवर ठेवली आणि समोर टेकला. "आणि ही सकाळी दहा वाजता परत आडवी."

मावशीनं चष्मा लावला. इंदापूर तालुक्यातल्या उपकेंद्रांवर आरोग्यसेविका म्हणून तिची सारी नोकरी झाली. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी पंचक्रोशीत ती अजून 'सिस्टर'च. कागद उलटता उलटता ती म्हणाली, "नॉर्मल आहेत ते बरंच आहे की रे. बाईमाणूस थकतं. आधी घरात बघ, मग पुण्याला पळ."

घर सणसरच्या शिवारातल्या एका वस्तीवरचं. भवानीनगरच्या कारखान्याचं गाळप चालू असल्यानं रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रात्रंदिवस ये-जा. ही माणसं कुणा एका कुटुंबातली नाहीत. बारामती-इंदापूर रस्त्यालगत कुठल्याही वाडीवर भेटतील अशी ती या लेखापुरती एकत्र आणली आहेत. त्यांच्या वादात येणारे अभ्यास, सालं आणि आकडे मात्र खरे आहेत.

भाचा गावच्या दूध संकलन केंद्रावर बसतो. फॅट आणि एसएनएफ किती लागली यावर तिथं माणसाचा दिवस बरा-वाईट ठरतो. त्याचं म्हणणं सरळ होतं: "दुधात काय कमी आहे ते मशीन मिनिटभरात सांगतं. मग हिच्या रक्तात काय कमी आहे ते कुणालाच का सांगता येईना? मशीन लहान पडत असेल तर मोठ्या मशीनकडे नेऊ. पुण्यात एमआरआय करू."

त्याची बायको बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कात शिलाईच्या मशीनवर होती. ते काम सुटून बरेच महिने झाले. ती आतल्या खोलीत पडून हे सगळं ऐकत होती.

फाइलच्या मागच्या कप्प्यात मेडिकलच्या पावत्या होत्या. मावशीनं त्या बाहेर काढल्या. "सलाइन किती लावल्या हिला?"

"सात-आठ झाल्या असतील. लावली की दोन दिवस बरं वाटतं तिला."

"त्या बाटलीत काय असतं ठाऊक आहे? ५ टक्के डेक्स्ट्रोज. अर्ध्या लिटरला २५ ग्रॅम साखर. चहाचे पाच चमचे धर. बाकी नुसतं पाणी. ज्वारीच्या एका भाकरीत त्याहून जास्त ताकद आहे."

मावशीचा हिशेब बरोबर आहे. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेल्या माणसाला क्षार असलेली सलाइन जीवदान देते. पण महिनोन् महिने थकलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही. बाटलीत बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळं होतं आणि पाहणाऱ्याला त्यात ताकद दिसू लागते. त्याहून वाईट म्हणजे औषधाच्या नाव-गाव नसलेल्या पुड्या. त्यात स्टेरॉइड असू शकतं. चार दिवस अंगात उभारी येते, भूक लागते, आणि मग साखर, रक्तदाब, हाडं अशी एकेक किंमत चुकवावी लागते. गोळीचं नाव सांगायला जो तयार नाही, त्याच्या हातची गोळी घेऊ नये.

"पण दोन दिवस बरं वाटतं, ते खोटं का?" भाचा इरेला पेटला होता.

उत्तर आतल्या खोलीतून आलं. "सलाइन चालू असेपर्यंत कुणी हाक मारत नाही, मावशी. दोन तास पडायला मिळतं."

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

मग मावशी मूळ फाइलकडे वळली. हिमोग्लोबिन १२.४, साखर ठीक, थायरॉइडची टीएसएच ठीक, लघवी ठीक, लिव्हर-किडनी ठीक. कुठल्याशा पॅकेजमध्ये साठेक तपासण्या केल्या होत्या. "एवढ्या साठात बी-१२ नाही," ती म्हणाली. "आणि फेरिटिनही नाही. पैसे गेले, आणि विचारायचं ते राहिलंच."

बी-१२ चा विषय पुणे जिल्ह्याला नवा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतले, शहरातल्या वस्त्यांमधले आणि मध्यमवर्गीय घरांतले असे ४४१ पुरुष तपासले होते. २००६ साली तो अभ्यास छापून आला. ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. शाकाहार हे त्यातलं मोठं कारण होतं. आकडा कमी असलेला प्रत्येक जण थकलेला असतो असं नव्हे. म्हणून बी-१२ कमी निघालं की कारण सापडलं, असं लगेच म्हणता येत नाही. पण ज्याला महिनोन् महिने थकवा आहे, पायाला मुंग्या येतात, जीभ लाल होऊन चुरचुरते, त्याचं बी-१२ न पाहता त्याला 'नॉर्मल' म्हणणं ही घाई आहे. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि पित्ताच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांतही ते उतरतं, आणि अशी माणसं आता घरोघरी आहेत.

फेरिटिनचंही तसंच. ते शरीरातल्या लोहाचा साठा सांगतं. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही साठा रिकामा असू शकतो, आणि त्यानंही माणूस थकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. आपल्याकडे लोहाच्या गोळ्या मिळत नाहीत असं नाही. त्या बरेचदा चहाबरोबर घेतल्या जातात आणि चहा लोह अंगी लागू देत नाही, किंवा पोट बिघडलं म्हणून आठवड्यात बंद होतात. हिमोग्लोबिन वर आल्यानंतरही साठा भरायला पुढे काही महिने गोळी चालू ठेवावी लागते. हे शांतपणे बसून सांगायला ओपीडीच्या गर्दीत कुणाला वेळ नसतो.

"पाळी कशी जाते तिची?" मावशीनं विचारलं. भाचा गप्प. "तुला काय ठाऊक असणार! जा, शेडात जाऊन ये जरा."

तो गेला. मावशी आत जाऊन खाटेवर बसली.

आपल्या भागात बाईच्या अशक्तपणाची चौकशी इथंच अडते, कारण प्रश्न विचारला जातो तेव्हा नवरा किंवा सासू शेजारी असते. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या स्त्रिया तपासून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. अंगावरून जाणं, कंबर धरणं, गळून जाणं हे सगळं बायका 'चालायचंच' म्हणून वागवत होत्या. मावशीच्या पिढीतल्या सेविकांनी हे पुस्तकात वाचायच्या आधी घरोघरी पाहिलेलं.

पाळी ठीक होती. मग मावशीनं तिच्या मनातला खरा प्रश्न काढला. "घरात काही आहे का? हा काही बोलतो, जबरदस्ती करतो? सासूचं काही? कर्जाचं? मला सांग. बाहेर जायचं नाही."

मावशीचा हा प्रश्न उगाच नव्हता. त्यामागे गोव्याचा एक मोठा अभ्यास उभा आहे. बार्देशातल्या हळदोण्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात २००१ ते २००३ या काळात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्त्री आरोग्य शोध' हा प्रकल्प राबवला. १८ ते ५० वयाच्या २,४९४ स्त्रिया पाहिल्या. त्यांतल्या १२.१ टक्के सहा महिन्यांहून जास्त काळ थकलेल्या होत्या. २००५ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष आले तेव्हा डॉक्टरांनाही विचार करावा लागला, कारण थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंधच दिसला नाही. संबंध दिसला तो कमी शिक्षणाशी, घरावरच्या कर्जाशी, चिंता आणि नैराश्याशी, आणि बाईच्या घरातल्या दुय्यम जागेशी. नवऱ्याकडून होणारी लैंगिक जबरदस्ती हा त्यातला ठळक धागा होता. म्हणजे रक्त बघून जे कळलं नाही ते घर बघून कळलं.

मावशीला हा अभ्यास ऐकून ठाऊक होता, आणि नोकरीभर जे पाहिलं त्याच्याशी तो जुळत होता. तिची खात्री झाली होती की इथंही तेच निघणार.

"तसं काही नाही, मावशी," भाचेसून म्हणाली. "हे कधी आवाज चढवत नाहीत. सासूबाई आहेत म्हणून तर पोरांचे डबे होतात. मन उदास होतं, ते मी काही करू शकत नाही म्हणून. मला करायचंय सगळं. अंग येत नाही."

आणि मग तिनं पालखीचं सांगितलं.

तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं आणि मुक्काम सणसरला पडतो. त्या दिवशी या रस्त्यावरच्या कुठल्याच घरात चूल थंड नसते. यंदा तिला जरा बरं वाटत होतं, म्हणून तीही परातीपाशी बसली. दुपारपर्यंत भाकऱ्या थापल्या, संध्याकाळी वारकऱ्यांना वाढलं, रात्री भांडी. "त्या दिवशी मला काही झालं नाही. मी म्हटलं, झाले मी बरी. दुसऱ्या दिवशी दुपारपासून सुरू झालं. अंगाला ताप नाही, पण ताप आल्यासारखं. घसा दुखायला लागला. उजेड सहन होईना. पोरगं बोलायचं ते कानावर पडायचं, पण अर्थ लागायचा नाही. न्हाणीपर्यंत भिंत धरून जायचे. आठवडा गेला त्यात." घटस्थापनेच्या आधी कालव्यावर गोधड्या धुतल्या तेव्हाही हेच. त्या दिवशी ठीक, दुसऱ्या दिवशी कोसळली. "आणि झोप किती पण झाली तरी उठताना अंग कुटून काढल्यासारखंच असतं."

"हे कधीपासून?"

"ते चिकुनगुनिया झालं ना मागच्या साली, तेव्हापासून."

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात चिकुनगुनियाचे रुग्ण वाढले होते. तिचा ताप आठवड्यात उतरला, सांधे दोन-तीन महिने धरले आणि सुटले. थकवा मात्र गेला नाही. फाइलमधल्या एकाही कागदावर हे नव्हतं. साठ तपासण्या करणाऱ्यांपैकी कुणीही तिला 'हे कधी आणि कशानंतर सुरू झालं' असं विचारलं नव्हतं.

भाचा परत आला तेव्हा मावशी खाटेवर तशीच बसून होती. "तुझंही थोडं खरं आहे," ती म्हणाली. भाच्याला ते ऐकायची सवय नव्हती.

त्याच्या बाजूनं उभा राहणारा अभ्यास ऑस्ट्रेलियातला आहे, आणि तोही एका शेतीच्या गावातला. न्यू साउथ वेल्समधल्या डब्बो या गावात आणि परिसरात संसर्ग झालेल्या २५३ माणसांच्या मागे संशोधक महिनोन् महिने राहिले. काहींना ग्रंथिज्वर, काहींना क्यू फीवर, आणि काहींना डासांतून येणारा रॉस रिव्हर विषाणू. हा रॉस रिव्हर चिकुनगुनियाच्याच कुळातला. सहा महिन्यांनी १२ टक्के माणसं थकव्यानं जायबंदी होती, आणि जवळपास सगळ्यांना 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम'ची व्याख्या लागू पडत होती. २००६ मध्ये हा निष्कर्ष छापला गेला. कोण थकणार हे कशावर ठरलं? मूळचा आजार किती जोराचा होता त्यावर. स्वभाव, मनाची ठेवण, वय, शिक्षण यावर नव्हे.

हळदोण्यात १२ आणि डब्बोत १२, असे आकडे जुळले तरी दोन्हीकडची गोष्ट एकच समजू नये. गोव्यातल्या अभ्यासानं 'थकवा वाटतो का' असं सगळ्या बायकांना विचारलं होतं. डब्बोत ठरावीक संसर्ग झालेली माणसं धरून पुढे पाहिलं. पहिल्यात थकव्याची मुळं जगण्यात सापडली, दुसऱ्यात आजारात. बारामती-इंदापुरात दोन्ही तऱ्हेची माणसं आहेत, आणि पुष्कळदा ती एकाच बाईत असतात. तपासणाऱ्यानं आपल्याला जे पाहायची सवय आहे तेवढंच पाहिलं की दुसरं निसटतं. या घरात मावशीचं तसंच होत होतं, आणि मोठ्या मशीनच्या नादात भाच्याचंही.

"म्हणजे हिला तो सिंड्रोम आहे?" भाच्याचा आवाज एकदम उतरला. आजवर तो कारण मागत होता. कारणाला नाव मिळू लागलं तसा तो घाबरला.

"ते मी नाही, डॉक्टर ठरवणार. पण त्यांना सांगायचं काय, ते आता आपल्याला कळलं."

या आजाराला एमई/सीएफएस म्हणतात आणि तो ठरवायला आजही रक्ताची एकही तपासणी नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५ मध्ये खुणा सांगितल्या: सहा महिन्यांहून जास्त काळ आधीसारखं काम न होणं, आणि त्याबरोबर मोठा थकवा, कष्टानंतर, बरेचदा दुसऱ्या दिवशी, सगळं बळावणं, झोपूनही ताजं न वाटणं, आणि यांच्या जोडीला डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं. बाकीची कारणं आधी पाहून घ्यावी लागतात. त्याच अहवालानुसार अमेरिकेत ८ लाख ३६ हजार ते २५ लाख लोकांना हा आजार असावा, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचं निदानच मिळालेलं नाही. तिथं ही गत, तर सणसरच्या बाईनं स्वतःला दोष देऊ नये.

या आजाराच्या इतिहासात मावशीला सगळ्यात लागलं ते लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलचं. १९५५ च्या जुलैत तिथं एक चमत्कारिक साथ आली. आजारी पडले ते बहुतेक रुग्णालयाचेच कर्मचारी, त्यांत नर्सेस पुष्कळ. २९२ जण. रुग्णालय ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. कित्येकांचा थकवा आणि स्नायूंची दुर्बलता पुढे टिकून राहिली. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर वाचून, रुग्णांना न भेटता, हा सामूहिक उन्माद असल्याचं लिहिलं. त्यांच्या पुराव्यांपैकी एक असा, की आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या.

"नर्सांना म्हणाले हे?" मावशीनं दोनदा विचारलं.

पुढची कितीतरी वर्षं त्या लिखाणाची सावली राहिली. 'मनावर घेऊ नका, हिंडा-फिरा, रोज थोडं थोडं वाढवत न्या' हा सल्ला जगभर दिला गेला. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या पेस नावाच्या मोठ्या चाचणीनं त्याला शास्त्राचा आधार दिला. त्या चाचणीच्या पद्धतीवर रुग्णांनी आणि इतर शास्त्रज्ञांनी जोराचे आक्षेप घेतले. शेवटी ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. एमई/सीएफएसच्या रुग्णाला ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवायला लावू नये, असं त्यांत स्पष्ट आहे. समुपदेशन आजाराशी जुळवून घ्यायला मदत म्हणून द्यावं, आजार बरा करणारा उपाय म्हणून नव्हे.

"आणि मी हिला रोज कालव्यापर्यंत चालून ये म्हणत होते," मावशी म्हणाली.

"मग औषध काय?"

"रोग मुळातून जाईल असं औषध आज नाही. झोप, अंगदुखी, उभं राहिल्यावरची चक्कर यांवर डॉक्टर इलाज करतात. बाकी ताकद मोजून वापरायची. दहा कामांची ताकद असेल तर सहाच करायची, आणि बरं वाटलं त्या दिवशीही सहाच. कोसळायच्या आधी थांबायचं."

भाच्यानं मान हलवली. हे त्याला सोपं वाटलं. मग मावशीनं विचारलं, "पहाटेची धार कोण काढतं?"

"हीच काढते. नाहीतर आई."

"शेण?"

तो बोलला नाही.

"तुझं केंद्र उघडतं सहाला. तू पाचला उठतोस. दोन गाईंची धार काढून निघायचं म्हटलं तर साडेचारला उठावं लागेल. उठशील? का एक गाय विकशील? आईचे गुडघे गेलेत, तिच्यावर टाकू नको. हिनं सहाच कामं करायची म्हणजे उरलेली चार कुणीतरी करायची. डॉक्टर चिठ्ठीवर 'विश्रांती' लिहील, पण ती मेडिकलमध्ये नाही मिळायची."

इथं गोव्याचा अभ्यास पुन्हा उपयोगी पडतो. मुळात आजार विषाणूनं सुरू झाला असला, तरी त्यातून सावरायला जी सवलत लागते ती बाईला घरात कितपत मिळते यावर पुढचं ठरतं. डब्बोत सहा महिन्यांनी १२ टक्के आजारी होते, वर्षानं ९ टक्के. संसर्गानंतर थकलेली बहुतेक माणसं पहिल्या काही महिन्यांतच सावरली होती. आडव्या पडलेल्या बाईला 'नाटक करते' म्हणणाऱ्या घरात ही सवलत मिळत नाही.

भाचा म्हणाला, "विकायची तर नाही गाय. उठेन मी." आणि थोड्या वेळानं, "थकतो तर मीही, मावशी. त्याला कोण विचारतं?"

त्याचं खरं होतं. शेतीपंपाची वीज कैकदा रात्री येते. पाणी द्यायला बाप्या माणूस अंधारात उसात उभा असतो, आणि सकाळी कामावर. झोपेची ही थकबाकी हा काही आजार नव्हे. पण जोरात घोरून, रात्री श्वास अडकून, दिवसा गाडीवर डुलकी लागत असेल तर तो आजार असू शकतो, आणि तोही तपासता येतो. मावशीनं त्याला तिथल्या तिथं साखर आणि रक्तदाब पाहून घ्यायला बजावलं.

वाद आता कुठं जायचं यावर आला. भाच्याच्या डोक्यात अजून पुणं होतं. मावशी म्हणाली, बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ पासून आहे, तिथल्या मेडिसिनच्या ओपीडीत आधी जाऊ. तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात तपासणी-उपचाराला पैसे लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ते निःशुल्क आहे. एमआरआय कुणी सांगितला तर बघू. शोधायची ती कारणं साधी आहेत, आणि ती शोधायला एक डॉक्टर धरून राहावं लागतं. दर महिन्याला नवा दवाखाना केला की प्रत्येक जण पहिल्यापासून सुरू करतो, आणि चिकुनगुनियापर्यंत कुणीच पोचत नाही.

यात एक सावधगिरी हवी. वजन उतरत असेल, संध्याकाळचा बारीक ताप असेल, दोन आठवड्यांवर खोकला असेल, रात्री घामानं अंथरूण भिजत असेल, चार पावलांत धाप लागत असेल, गाठ लागत असेल किंवा कुठून रक्त जात असेल, तर थांबायचं नाही. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. आणि जगणं नको वाटू लागलं असेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक कुठल्याही वेळी लावता येतो. नैराश्य असणं म्हणजे आजार खोटा असणं नव्हे. दोन्ही एकदम असू शकतात, आणि दोन्हींवर इलाज करावा लागतो.

मावशीनं पोराच्या वहीतला एक कागद फाडून घेतला आणि भाचेसुनेला लिहायला बसवलं. दोन ओळींत तिचे डोळे शिणले, म्हणून पुढचं तिनं सांगितलं आणि नवऱ्यानं लिहिलं. ताप कधी आला. आधी काय काय कामं व्हायची, आता काय होतं. पालखीच्या दुसऱ्या दिवशी काय झालं. गोधड्यांच्या वेळी काय झालं. झोप कशी. उभं राहिल्यावर काय होतं. आजवर घेतलेल्या गोळ्यांची नावं. खाली प्रश्न: बी-१२ आणि फेरिटिन पाहायचं का? कागद अर्ध्या पानाचा झाला.

"एवढं वाचायला डॉक्टरांना वेळ असतो का?" भाचेसुनेनं विचारलं.

"नसला तर मी वाचून दाखवीन," मावशी म्हणाली. "गुरुवारी मी येते बरोबर. सकाळी लवकर निघू, केसपेपरच्या रांगेत हा उभा राहील आणि तू बाकावर बसायचं. आणि 'टेन्शन घेऊ नका' एवढ्यावर त्यांनी कागद परत दिला, तर उठायचं नाही. विचारायचं, डॉक्टर, काम केल्यावर दुसऱ्या दिवशीच हे का होतं?"